शाई जपून

दुकानदारीण : काका, तो तराजू आधी काउंटरवरून खाली घ्या. मग बोलू आपण.

तपासनीस : तराजू नाही, वजनकाटा आहे. खिशातला. कुणाला चावत नाही.

दुकानदारीण : चावत नसेल, पण बाकीची गिऱ्हाइकं बघतायत. शाईची डबी वजन करून घेणारा माणूस मी पहिल्यांदा पाहतेय. हे काय सोनाराचं दुकान आहे?

तपासनीस : सोनार बरा. तो निदान ग्रॅम सांगतो. ह्या डबीवर काय लिहिलंय वाचा. सुमारे एकशेवीस पानं. सुमारे म्हणजे काय? दुधाच्या पिशवीवर कुणी लिहितं का, सुमारे दहा कप चहा होईल म्हणून?

मेहुणी : झालं सुरू. तुम्ही मनावर घेऊ नका हो. आमचे भावजी चौतीस वर्षं वजनमापाच्या खात्यात तपासनीस होते. कुणाच्या लग्नात जेवायला बसले तरी आधी वाटी उचलून बघायचे, किती भरलीय. माझ्या ताईला मान वर करायची सोय नसायची.

दुकानदारीण : खात्यात? अगं बाई. काका, धाड-बिड टाकायला नाही ना आलात?

तपासनीस : रिटायर होऊन सहा वर्षं झाली.

दुकानदारीण : असं सगळेच म्हणतात. माझ्या सासऱ्यांचं किराणा दुकान होतं. एक म्हातारा रोज येऊन शंभर ग्रॅम साखर घेऊन जायचा. गरीब बिचारा म्हणून सासूबाई त्याला बसायला स्टूल द्यायच्या. महिन्याने कळलं, तुमच्या खात्याचा माणूस.

तपासनीस : माप कमी भरत होतं?

दुकानदारीण : बोला, कुठला प्रिंटर दाखवू?

मेहुणी : उत्तर मिळालं भावजी तुम्हाला. आता विषय सोडा.

दुकानदारीण : हा बघा, घरच्या वापराला हाच जातो. छोटा, सुबक, साडेतीन हजारात. ह्या महिन्यात ऑफर आहे.

तपासनीस : एवढा स्वस्त का?

दुकानदारीण : ऑफर आहे म्हणून.

तपासनीस : ऑफर नाही ती. पिंजऱ्यातला तुकडा उंदराला फुकटच असतो. प्रिंटर साडेतीन हजाराला. शाईची डबी सातशेला. पाच डब्यांत प्रिंटरची किंमत. कंपनी प्रिंटर विकतच नाही, डब्या विकते.

दुकानदारीण : आता ते काका, मी थोडीच बनवते.

तपासनीस : घरी असलाच आहे. अकरा वर्षं. प्रत्येक डबी मी नवी असताना तोलली आहे आणि संपल्यावर तोलली आहे. मशीन म्हणतं संपली, तेव्हा आत शाई असते. दर वेळी. एकदा दीड ग्रॅम, एकदा दोन.

दुकानदारीण : त्यातली चिप शाई नाही मोजत हो. किती उडवली त्याचा अंदाज धरते. आणि शाई उडवणारं हेड कोरडं पडून खराब होऊ नये म्हणून थोडी मागे ठेवतात.

तपासनीस : मागे ठेवतात, पण पैसे पुढे घेतात. आमच्या काळी असल्या मापाला आम्ही सील ठोकायचो.

मेहुणी : आणि गंमत सांगू का? हेच भावजी अकरा वर्षांपूर्वी तो पिंजरा घेऊन आले. ताई शिवणाचे वर्ग घ्यायची. मुलींना कापणीचे नमुने छापून द्यायला तिला मोठा प्रिंटर हवा होता, बाटलीतून शाई भरायचा. हे म्हणाले, मशीनचीच एवढी किंमत? आणि घेऊन आले स्वस्तातला. मग शाई महाग पडते म्हणून त्यावर चिठ्ठी चिकटवली. काय होतं हो चिठ्ठीवर?

तपासनीस : जाऊ दे ते.

मेहुणी : शाई जपून. विचारल्याशिवाय छापू नये. खाली सही. जसं काही सरकारी परिपत्रक.

दुकानदारीण : सही पण?

मेहुणी : तारखेसकट. ताई गेली त्या दिवशी मी घरी गेले, तेव्हाही ती चिठ्ठी तशीच होती. कोपरा निघाला होता, तर वरून नवी चिकटपट्टी लावलेली.

तपासनीस : ती चिकटपट्टी मी नाही लावली.

मेहुणी : मग काय भुताने लावली?

तपासनीस : बाई, बाटलीचा दाखवा. टाकीवाला.

दुकानदारीण : हा. किंमत बारा हजार, पण शाईला मरण नाही. एक काळी बाटली, सत्तर मिली, चार हजार पानं. इथून ओतायची. बाहेरून दिसतं किती उरलीय ते. चिप नाही, अंदाज नाही. तुमच्यासारख्यांसाठीच बनवलाय.

तपासनीस : चार हजार कसली पानं?

दुकानदारीण : म्हणजे?

तपासनीस : भरलेली की मोकळी? एका पानावर दहा ओळी असल्या तर वेगळं, तीस असल्या तर वेगळं.

दुकानदारीण : शंभरात पाच भाग काळं, बाकी पांढरं, असं धरतात. काका, तुम्ही असं करा, महिन्याला किती पानं काढणार ते सांगा. दोन मिनिटांत मी सांगते कुठला परवडेल.

तपासनीस : महिन्याचा हिशेब नको. बाराशे साठ पानं. एकदाच.

दुकानदारीण : आणि नंतर?

तपासनीस : नंतर काही नाही.

दुकानदारीण : एकदाच बाराशे साठ? अहो मग प्रिंटर कशाला घेताय? कोपऱ्यावर झेरॉक्सवाला आहे. पेनड्राइव्ह द्या, संध्याकाळी गठ्ठा घेऊन जा. बघा, मी माझ्याच पोटावर पाय देऊन सांगतेय.

तपासनीस : दुसऱ्याच्या हातात द्यायचं नाही.

दुकानदारीण : असं काय आहे त्यात?

तपासनीस : पानं आहेत.

दुकानदारीण : काका, राग मानू नका. दोन वर्षांपूर्वी एक जण असाच आला. तुमच्यासारखाच, पांढरे केस, इस्त्रीचा शर्ट. पोरांच्या अभ्यासाला म्हणून मशीन घेऊन गेला. चार महिन्यांनी पोलीस माझ्या दारात. तो घरी बसून खोटे दाखले छापत होता. मी तेव्हापासून विचारते.

तपासनीस : विचारावंच. मी पण विचारलं असतं.

दुकानदारीण : मग सांगा की.

मेहुणी : ते तुम्हाला काय सांगणार? मला नाही सांगत, सख्ख्या मेहुणीला. ताईला जाऊन आठ महिने झाले. आठ महिने ती कॉम्प्युटरची खोली बंद. मी गेले की उठून दार ओढून घेतात. मागच्या वेळी तर कुलूप.

तपासनीस : कुलूप धुळीसाठी आहे.

मेहुणी : धुळीला कुलूप लागतं हे आज कळलं.

तपासनीस : मशीन जुनं आहे. आतला पंखा घरघरतो. धूळ गेली तर बसेल कायमचं.

मेहुणी : आणि आज सकाळी अचानक फोन. प्रिंटर बघायला चल. ज्या माणसाने अकरा वर्षांत तिला एक रंगीत पान काढू दिलं नाही, तो बाराशे पानं छापणार. मी काय दूधखुळी आहे? खरं सांगा भावजी. ताईने काहीतरी लिहून ठेवलंय. कुणाला काय द्यायचं ते. आणि त्यातलं सोयीचं तेवढं तुम्ही छापणार.

तपासनीस : बांगड्यांचं विचारतेस का?

मेहुणी : बांगड्यांचं नाव तुम्ही काढलंत. मी नाही.

तपासनीस : बांगड्या तुझ्याच आहेत. कपाटात, वरच्या खणात. पुडीवर तुझं नाव आहे. वजनही लिहिलंय.

मेहुणी : वजनही.

तपासनीस : मागून कमीजास्त नको.

मेहुणी : मग आठ महिन्यांत दिल्या का नाहीत?

तपासनीस : तू मागितल्या नाहीस. आणि तिने सांगितलं होतं, माझ्यासमोर तिच्या हातात दे. म्हणजे ती असताना. तू आली नाहीस.

मेहुणी : मी आले नाही?

तपासनीस : शेवटचे तेरा महिने. एकदाही नाही.

मेहुणी : हे इथे बोलायचं? परक्या बाईसमोर?

दुकानदारीण : मी आत जाते हवं तर. चहा ठेवते.

तपासनीस : थांबा बाई. तो तिसरा कुठला? काळा, बुटका.

दुकानदारीण : तो लेझर. त्यात शाई नसते, पावडर असते. गरम रोलरखाली वितळून कागदाला चिकटते. ऑफिसवाले घेतात. पण तुम्ही शाईचा खर्च बघताय ना? मग तो नको. टाकीवाल्याच्या बारा पानांत ह्याचं एक पान.

तपासनीस : सोबत पावडरीची डबी येते ती भरलेली असते?

दुकानदारीण : असते की. सातशे पानांची.

तपासनीस : आणि विकत घेतो ती?

दुकानदारीण : ती पंधराशेची.

तपासनीस : म्हणजे सोबतची अर्धी.

दुकानदारीण : कंपनी त्याला सुरुवातीची डबी म्हणते.

तपासनीस : म्हणू दे. आकार तोच, माल निम्मा. मीही अशा डब्या धरल्या आहेत, तुपाच्या. तळाला खोटा पत्रा.

दुकानदारीण : काका, तुमच्याबरोबर संसार करणाऱ्या बाईला मी नमस्कार करते.

मेहुणी : करा. तेवढंच राहिलंय आता.

तपासनीस : पाण्याने कुठलं पसरतं?

दुकानदारीण : काय?

तपासनीस : छापलेल्या पानावर पाणी पडलं, ओला हात लागला, तर कुठलं पसरतं? मी ड्रॉपर आणलाय. दोन्हींवर एकेक पान काढा. दोन्हींवर एकेक थेंब टाकतो.

दुकानदारीण : बरं. नमुन्याचं पान काढते, त्यात फूल आहे, फुलपाखरू आहे.

तपासनीस : फुलपाखरू नको. हा घ्या पेनड्राइव्ह. एकच फाइल आहे. पान पाचशे अकरा. तेवढंच. बाकीचं उघडायचं नाही.

मेहुणी : बघा. बघितलंत? निवडून पान.

दुकानदारीण : पाचशे अकरा. टाकीवाल्यावर आधी. मावशी, जरा सरका, कागद तिकडून येतो.

(प्रिंटर चालतो. एक कागद बाहेर येतो.)

तपासनीस : हे असं फिकं का?

दुकानदारीण : नमुन्याला मी ड्राफ्टवरच ठेवते काका. शाई निम्मी लागते. तुम्हाला आवडायला हवं.

तपासनीस : हे असंच होतं. अगदी असंच. करडं.

मेहुणी : बघू इकडे. द्या हो, मी खाणार नाही कागद. हे काय आहे? एक ओळ आहे, मग नुसती जागा. परत एक ओळ. परत जागा. "नको, आज पोळी नको, घशाखाली उतरत नाही." मग काही नाही. "तू जेवलास का? खोटं सांगू नको, ताट कोरडं आहे." हे कोण बोलतंय?

तपासनीस : तीच.

मेहुणी : ताई?

तपासनीस : घशाचं ऑपरेशन झालं, आवाज गेला. ते तुला माहीत आहे. त्यानंतर चौदा महिने होती. हातात पेन धरलं की बोटं वळायची. टाइप करायची. पलंगाला टेकून तो कॉम्प्युटर ठेवला होता. जे बोलायचं ते टाइप करायची, मी मागे उभा राहून वाचायचो, आणि तोंडाने उत्तर द्यायचो. एकच फाइल. तिने कधी पुसलं नाही. खालीच लिहीत गेली.

मेहुणी : मला वाटलं ती पाटीवर लिहिते.

तपासनीस : पाटी पहिल्या महिन्यात होती.

दुकानदारीण : म्हणजे काका, ह्या फाइलमध्ये चौदा महिन्यांचं त्यांचं सगळं बोलणं आहे?

तपासनीस : तिचं आहे. माझं नाही. मी बोललो ते हवेत गेलं. चारशे पानं होती मुळात. प्रत्येक ओळीखाली मी जागा सोडत गेलो. कुठे दोन बोटं, कुठे अर्धं पान. मी काय उत्तर दिलं असेल तेवढ्या मापाची. आठ महिने तेच करतोय. त्याची बाराशे साठ झाली.

मेहुणी : दार लावून हे करत होतात?

तपासनीस : दार उघडं ठेवून जमेना.

दुकानदारीण : आणि त्या जागेत?

तपासनीस : माझं मी लिहिणार. हाताने, पेनने. टाइप केलं तर कोण काय बोललं ते कळणार नाही. म्हणून पाण्याचं विचारलं. माझ्या हाताला घाम येतो.

मेहुणी : सगळं आठवतं तुम्हाला? काय उत्तर दिलंत ते?

तपासनीस : नाही. पण तिची ओळ वाचली की आठवतं. बरंचसं. काही ठिकाणी मी उत्तरच दिलं नव्हतं. तिथे जागा सोडली नाही. हे पान पुढे वाच.

मेहुणी : माझा चष्मा...

तपासनीस : चष्मा डोळ्यांवरच आहे.

मेहुणी : फिकं आहे फार. बाई, तुम्ही वाचता का?

दुकानदारीण : मी? वाचते. "तू जेवलास का" हे झालं. मग आहे, "चिंगीला फोन लाव. तिला म्हणावं, मी रागावले नाही." चिंगी कोण?

मेहुणी : मी. तिच्याशिवाय कुणी म्हणत नव्हतं.

दुकानदारीण : पुढे आहे. "तिला बघवत नाही म्हणून ती येत नाही. लहानपणी माझा गुडघा फुटला तर ही डोळे मिटून उभी राहायची आणि विचारायची, थांबलं का रक्त? तिला म्हणावं, डोळे मिटून ये. मी हात धरीन." मग जागा नाही. लगेच पुढची ओळ. "लावलास का फोन?" तिथेही जागा नाही.

मेहुणी : भावजी, हा फोन मला आला नाही.

तपासनीस : नाही.

मेहुणी : तुम्ही केलाच नाहीत.

तपासनीस : नाही केला.

मेहुणी : का?

तपासनीस : राग होता तुझा. मी रात्रंदिवस तिथे, आणि तू दोन स्टॉपवर राहून येत नाहीस. म्हटलं, हिला बोलावून कशाला आणायचं? यायचं असेल तर पायांनी येईल. दुसऱ्या दिवशी तिने परत विचारलं. पान पाचशे चौदा. मी म्हणालो, लावला होता, उचलला नाही.

मेहुणी : खोटं सांगितलंत.

तपासनीस : चौतीस वर्षं दुसऱ्याचं खोटं माप धरलं. एवढं एक माझं.

मेहुणी : मी रोज बसस्टॉपपर्यंत यायचे. रोज नाही, पण यायचे. बस यायची, दार उघडायचं, आणि मी मागे फिरायचे. घरी जाऊन स्वतःला सांगायचे, तीच बोलवत नाही, म्हणजे तिलाच मी नको आहे. ती माझ्यावर चिडून गेली असं धरून मी आठ महिने जेवतेय.

तपासनीस : म्हणून आज तुला आणलं.

मेहुणी : मला वाटलं पिशवी धरायला.

तपासनीस : पिशवी मी धरतो.

मेहुणी : घरी नाही का सांगता आलं? एवढ्या उजेडात, दुकानात, हिच्यासमोर?

तपासनीस : घरी सांगायचं तीनदा ठरवलं. तू आलीस की दार ओढलं. इथे म्हटलं, कागद एकदा बाहेर आला की परत आत घालता येत नाही.

दुकानदारीण : बसा मावशी. ते स्टूल घ्या. काका, तुम्हीही बसा.

तपासनीस : थेंब टाकायचा राहिला. हा बघा. टाकीवाल्यावर. पसरला. "हात धरीन" गेलं बघा, नुसता डाग झाला.

मेहुणी : अहो, तेच अक्षर कशाला घेतलंत?

तपासनीस : चुकून पडला. शेवटच्या दोन महिन्यांत हेच व्हायचं. बसवेना तिला. मग तिने चिठ्ठ्या छापून ठेवल्या होत्या, मोठ्या अक्षरात, एका कागदावर एक. पाणी. उशी. दुखतंय. इथे बस. उशाशी गठ्ठा असायचा. लागेल ती वर धरायची. औषधाचा ओला हात लागून अक्षरं पसरायची.

दुकानदारीण : आणि फिकी असायची.

तपासनीस : करडी. मशीन ड्राफ्टवर मीच करून ठेवलं होतं, घेतलं त्या दिवशी. मी स्वयंपाकघरातून यायचो, दारात उभा राहायचो, आणि तिने काय धरलंय ते दिसायचं नाही. म्हणायचो, अगं, गडद छाप की. ती माझ्या चिठ्ठीकडे बोट करायची. शाई जपून. आणि हसायची. आवाज नसायचा, पण खांदे हलायचे.

मेहुणी : ती चिकटपट्टी तिने लावली.

तपासनीस : मी काढायला गेलो होतो. कोपरा सोडवलाही. तिने हात धरला, आणि दुसऱ्या दिवशी वरून नवी पट्टी. का, ते फाइलमध्ये नाही. मी शोधलं.

मेहुणी : मला माहीत आहे, का ते. तिला शेवटपर्यंत तुमची थट्टा करायला काहीतरी हवं होतं.

तपासनीस : असेल. ती गेल्यावर चौथ्या दिवशी मी डबी काढून तोलली. सवय. साडेचार ग्रॅम शाई शिल्लक होती. निम्म्याहून जास्त. सगळ्या चिठ्ठ्या काळ्याभोर निघाल्या असत्या, तरी उरली असती. महिन्याभरात ती आतल्या आत वाळली.

दुकानदारीण : काका, लेझरचं पान काढू?

तपासनीस : काढा. टाका थेंब तुम्हीच.

दुकानदारीण : टाकला. बघा. थेंब वर बसलाय, अक्षर खाली जसंच्या तसं. पुसून बघा. बोटाने घासा.

तपासनीस : नाही हलत.

दुकानदारीण : ही पावडर आहे, कागद टिकेल तोवर टिकते. पण पानामागे खर्च मी सांगितला. तुमचं गणित टाकीच्या बाजूने आहे, हे मी कबूल करते. आणि आणखी एक. तुमची पानं बहुतेक रिकामीच आहेत. कुठल्याही मशीनवर शाई कमीच जाणार.

तपासनीस : रिकामी जागा माझी आहे. ती भरायची आहे.

मेहुणी : भावजी, दोन प्रती काढा.

तपासनीस : दोन?

मेहुणी : एक मला. मला तुमच्या उत्तरांचं काही नको. नुसतं तिचं. आणि तुम्ही जिथे जागा सोडली नाहीत ना, पाचशे अकरावर, तिथे माझ्या प्रतीत सोडा. दोन बोटं.

तपासनीस : काय लिहिणार?

मेहुणी : ते मी आणि ताई बघून घेऊ. तुम्ही मध्ये मोजायला येऊ नका.

तपासनीस : दोन प्रती म्हणजे अडीच हजार पानं. आणि वीस.

मेहुणी : झाला हिशेब सुरू. परवडत नसेल तर बांगड्या आहेत माझ्या. वजन लिहिलेलं आहे म्हणता ना.

तपासनीस : पाचशे चौदावर जागा आहेच, ती कोरी राहील. तुझ्या प्रतीत. तिथे मी खोटं बोललो ते तुझ्या हाताने लिही.

मेहुणी : बघेन. शिव्या सुचल्या तर जास्त जागा लागेल.

तपासनीस : पान सोडतो एक.

दुकानदारीण : मग काका, लेझरच ना? नक्की? परत येऊन म्हणाल, बाईने महागातलं गळ्यात मारलं.

तपासनीस : नाही म्हणणार. सुरुवातीची डबी अर्धी आहे, ते फक्त पावतीवर लिहून द्या. आणि एक भरलेली डबी वेगळी. ती इथे तोलून घेतो.

दुकानदारीण : तोला. आता मलाही बघायचंय किती भरते ते. सासरे असते तर दुकान बंद करून पळाले असते.

मेहुणी : तुम्ही हसताय, पण ते खरंच कागदावर वजन लिहून ठेवतील. बघा.

तपासनीस : सहाशे चाळीस. पेन द्या.

मेहुणी : बघितलंत?

दुकानदारीण : खोक्यात भरायच्या आधी एक सेटिंग करून देते काका. पावडर वाचवायचं. अक्षर किंचित फिकं येतं, पण डबी दीडपट पुरते. तुम्ही पहिले गिऱ्हाईक, ज्याला हे मी न विचारताच करून द्यायला हवं.

तपासनीस : नको बाई. दारातून वाचता आलं पाहिजे.